नेवाळी, इकडे बघ

१

लहान मुलांचे फोटो काढायचा धंदा लांबून फार गोड दिसतो. प्रत्यक्षात दिवसभर लोकांच्या पोरांचं भोकाड ऐकायचं, स्टुलावरची ओल पुसायची, आणि आजी, आई, मावशी अशा सगळ्या एकदम टाळ्या वाजवत "इकडे बघ, इकडे बघ" करायला लागल्या की आपल्या चेहऱ्यावरचं हसू न ढळू देता त्यांना गप्प बसवायचं, एवढाच तो धंदा. आमचा फोटोग्राफर वर्षानुवर्षं तो करत होता आणि त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याला सगळे क्लिकमामा म्हणत. आधी एका पोराने म्हटलं, मग त्या पोराच्या आईने, आणि शेवटी दुकानाच्या पाटीवरही तेच आलं. साऱ्या रस्त्यात एकच पोर त्याला मामा म्हणत नसे. ती त्याला बाबा म्हणे, कारण ती त्याची मुलगी होती.

तिचं नाव नेवाळी. हे नाव बायकोने शोधलं होतं. ती रोपवाटिकेत कामाला होती, दिवसभर मातीत हात. "जाईच्या जातीतली आहे," तिने सांगितलं होतं. "पांढरी, छोटी. झुडपात कुठेतरी लपलेली असते. आधी वास येतो, मग आपण शोधायचं." नाव ऐकलेलं कुणीच नव्हतं. शाळेत, दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे दोनदा सांगावं लागे, आणि क्लिकमामाला ते दोनदा सांगणं भारी आवडे.

एका सकाळी एक बाळ आलं, जेमतेम उठून बसायला लागलेलं. स्टुलावर ठेवलं आणि त्याने जो सूर लावला तो थांबेना. खुळखुळा झाला, चूं चूं करणारं रबरी बदक झालं, आजीबाईंचं गाणंही झालं. एरवी क्लिकमामा कॅमेऱ्यामागून मुलाला नावाने हाक मारी. त्याची युक्ती तीच होती, नावाला मूल वळतंच. पण या मुलीचं नाव अजून ठरायचं होतं. घरात दोन तट पडले होते म्हणे. कंटाळून, घामाघूम होऊन, कॅमेऱ्याला डोळा लावल्या लावल्या त्याच्या तोंडून निघून गेलं, "नेवाळी... ए नेवाळी, इकडे बघ."

बाळ गप्प झालं. वळलं. आणि असं हसलं की आजीबाईंनी डोळ्याला पदर लावला.

"काय म्हणालात तुम्ही तिला?" बाळाच्या आईने विचारलं. "अर्थ काय याचा?"

त्याने अर्थ सांगितला. जाताना दोन्ही तट एक झाले होते.

घरी सांगितलं तेव्हा बायको हसली, पण पुरती नाही. "चांगला मामा बनवला की तुला त्यांनी. आपलं नाव वाटून आलास?"

"नाव काय वाटल्याने संपतं?" तो म्हणाला.

२

मग त्याला सवयच लागली. रडकं मूल आलं की नेवाळी. झोपाळू मूल आलं की नेवाळी. मुलगा असला तरी नेवाळी, पोरांना काय कळतंय. एकही मूल न वळता राहत नसे. आणि वळलेलं मूल बघून आया अर्थ विचारत, आणि हा पठ्ठ्या दर वेळी नव्या उत्साहाने सांगे. आधी वास येतो, मग शोधायचं.

वर्ष-दोन वर्षांत नाव पसरलं. आधी रस्त्याच्या टोकाच्या इस्त्रीवाल्याची नात, मग बँकेतल्या बाईंची मुलगी, मग ज्यांना त्याने कधी पाहिलंही नव्हतं अशा लोकांच्या मुली. बागेत कुणी नेवाळी म्हटलं की घसरगुंडीवरून दोघी-तिघी माना वळवत. लोकांना आता नाव दोनदा सांगावं लागत नव्हतं. "अरे वा, आमच्या शेजाऱ्यांचीही नेवाळीच," असं म्हणून ते लिहून घेत. क्लिकमामाला जरा चुटपुट लागली, पण अभिमानही वाटला. एखादं गाणं आपल्यामुळे साऱ्या गावाच्या तोंडी बसावं, तसं त्याला वाटे.

दर्शनी काचेतले फोटो बदलायचे म्हणून त्याने एका दुपारी निवडक बाळं टेबलावर मांडली. सावळी, गोरी, टकली, जावळाची. चेहऱ्याला चेहरा जुळत नव्हता. पण हसू एकच होतं.

एकसारखं नव्हे, एकच. नजर भिंगाच्या किंचित वर, ओठ आधी डाव्या बाजूने उचललेला, नाकावर बारीक सुरकुती. ते हसू त्याला पाठ होतं. संध्याकाळी इमारतीच्या खाली स्कूटर उभी करून तो नेवाळीला हाक मारी, आणि वरून आवाज येई, "आले, आले, चप्पल कुठेय?" चप्पल काही सापडत नसे. मग जिन्यावर अनवाणी पावलांचा फटफट आवाज, आणि शेवटच्या पायरीवर हे हसू. मग स्कूटरवरून एक चक्कर, हा रोजचा शिरस्ता.

त्याने फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. मग स्वतःलाच समजावलं. हाक तीच, आवाज तोच, उभं राहायची जागा तीच, दिवा तोच. मुलं हसणार तरी किती तऱ्हांनी? त्याने फोटो गोळा करून ठेवून दिले आणि काचेत जुनेच राहू दिले.

त्याच संध्याकाळी खाली उभं राहून त्याने हाक मारली तेव्हा वरून काहीच आलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतलं एक बाळ तेवढं त्याच्याकडे बघून हसलं.

३

डॉक्टरीणबाईंनी नेवाळीच्या कानात दिवा घालून पाहिलं. मग तिच्या पाठीमागे जाऊन गोळीचा कागद चुरगाळला. नेवाळी लगेच वळली आणि हात पुढे केला.

"कान अगदी ठणठणीत आहेत," बाई हसून म्हणाल्या. "ऐकू येतं हो, ऐकायचं नसतं. माझी मुलगी आता कॉलेजात जाते, तिला अजून ऐकू येत नाही." मग त्यांनी खेळकरपणे हाक मारली, "काय गं नेवाळी?"

नेवाळी गोळीचा कागद उलगडत राहिली.

"एक सांगू का," बाई म्हणाल्या. "बाहेर नाव पुकारलं की आजकाल चार-पाच नेवाळी उठतात. हिला वाटत असेल, दुसऱ्या कुणाला बोलावतायत. नाव फार चाललंय ना."

हे त्याला पटलं. पटलं म्हणजे पटवून घेतलं. रस्त्याने येताना त्याने मुलीचा हात धरला होता आणि तो हात नेहमीसारखाच गरम, गोळीने चिकट झालेला होता. "पिल्लू," त्याने हळूच म्हटलं, आणि तिने मान वर केली. "काय बाबा?"

"नेवाळी," तो म्हणाला.

तिने मान फिरवली नाही की डोळाही हलवला नाही. ती समोर बघत चालत होती, आपली वाटच नव्हे अशा वाटेने सोबत चालणाऱ्या माणसासारखी. "पिल्लू," त्याने पुन्हा म्हटलं. या वेळी तिला वळायला वेळ लागला. कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानापासून निघून ती दोघं पार औषधांच्या दुकानापाशी आली तेव्हा कुठे ती म्हणाली, "काय?" बाबा म्हणायचं राहिलं.

तो भित्रा माणूस नव्हता, आणि भ्यायचं तरी कशाला, हेही त्याला सांगता आलं नसतं. मूल ऐकत नाही, ही काय जगावेगळी गोष्ट आहे? त्याने तिला कडेवर घेतलं. ती वजनाला हलकी लागली, पण बऱ्याच दिवसांत उचललं नाही म्हणून असेल, असं म्हणून त्याने तेही सोडून दिलं.

४

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्या पहिल्या बाळाच्या आजीबाई आल्या. बरोबर सून आणि तिची मुलगी. ज्या बाळाने आधी भोकाड पसरलं होतं ते आता चांगलं बोलणारं चालणारं झालं होतं. "ओळखलंत का?" आजीबाई कौतुकाने म्हणाल्या. "तुमच्या हातची पहिली नेवाळी."

पोर गाढ झोपेतून उठवून आणली होती. डोळे किलकिले, गाल उशीच्या घडीने लाल. आईने तिला स्टुलावर बसवलं. क्लिकमामाने दिवा सारखा केला, निळा पडदा ओढला, कॅमेऱ्यामागे गेला. आता ही तर खरोखरच नेवाळी, तिच्याच नावाने हाक मारायला कसली अडचण?

"नेवाळी... ए नेवाळी, इकडे बघ."

पोरीचे डोळे टक्क उघडले. नजर भिंगाच्या किंचित वर. ओठ डाव्या बाजूने उचलला गेला. "आले, आले," ती म्हणाली, आणि वाकून स्टुलाखाली बघायला लागली. "चप्पल कुठेय?"

"चप्पल कुठली गं?" तिची आई हसली. "झोपेतच उचलून आणली हो हिला, चप्पल घातलीच नाहीये. असं कधी म्हणत नाही खरं तर. घरात तर अनवाणीच असते."

पोर स्टुलावरून उतरली. थंड फरशीवर फटफट पावलं टाकत कॅमेऱ्याच्या मागे आली, आणि त्याच्या पँटीला धरून तिने वर पाहिलं. चेहरा परका होता. रुंद कपाळ, बारीक डोळे, आजीबाईंचं नाक. तिने विचारलं, "स्कूटर खाली आहे?"

त्याने काय उत्तर दिलं ते त्याला नंतर आठवेना. फोटो निघाला, छान निघाला. त्या गेल्यावर त्याने दरवाज्याला आतून कडी घातली आणि त्याच स्टुलावर बसून राहिला. पोरांना स्कूटरचं वेड असतंच, असं त्याची अक्कल त्याला सांगत होती. चपला काय, प्रत्येक घरात हरवतात. पण सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच होती. त्या पोरीने पँट धरली तेव्हा तो घाबरला नव्हता. त्याला बरं वाटलं होतं.

५

मग त्याने नावाची बदनामी सुरू केली. कुणी अर्थ विचारला की तो म्हणे, "फूल आहे, पण संध्याकाळपर्यंत टिकत नाही." कुणाला म्हणे, "या नावाच्या मुली फार हट्टी निघतात, घरच्या अनुभवावरून सांगतो." लोक हसत आणि बाळाचं नाव नेवाळीच ठेवत. नाव आता त्याच्या हातात राहिलंच नव्हतं. मुलांना तो खुळखुळा वाजवून हसवायला बघे. मुलं ढिम्म बसत, आणि आयाच मागून म्हणत, "मामा, ते तुमचं नेवाळी म्हणा ना."

शेवटी तो एका दुपारी दुकान बंद करून बायकोच्या रोपवाटिकेत गेला. ती बाकावर वाकून छोट्या पिशव्यांत माती भरत होती. मागे कुंपणावर नेवाळीचा वेल चढलेला होता.

"यंदा फुललाच नाही," त्याची नजर बघून ती म्हणाली. "नाव ऐकून जो तो फांदी मागतो. एका वेलावरून किती कलमं काढायची? जगतो आहे, पानं आहेत, पण फूल नाही."

त्याला वाटलं, आता तोंड उघडलं नाही तर कधीच उघडणार नाही. त्याने सगळं सांगितलं. फोटोंतलं हसू, चप्पल, स्कूटर. सांगताना ते इतकं खुळचट वाटत होतं की मधे एकदा तो स्वतःच हसला. बायको हसली नाही.

"मी तिला नावाने हाक मारणं कधीच सोडलंय," ती म्हणाली. "तुझ्या लक्षात आलं नाही?"

"का?"

"नाव घेतलं की ती थोडा वेळ नसते." तिने हातावरची माती झटकली. "समोर असते, जेवत असते, खेळत असते. पण नसते. मी पिल्लू पिल्लू करत बसते आणि वाट बघते. आधी लगेच यायची परत. आता फार वेळ लागतो. आणि नाव आपणच घ्यावं लागतं असंही नाही रे. रस्त्यात कुणीही कुणाला हाक मारली तरी होतं."

वेलाला कसलाच वास नव्हता.

"नाव बदलू तिचं," बायको म्हणाली. "दुसरं काहीही ठेवू. माझ्या मनाची तयारी आहे."

"आणि हे त्यांना देऊन टाकायचं?"

"तू आधीच दिलंयस," ती म्हणाली. चिडून नाही, आणि ते जास्त लागलं.

पण तो हट्टाला पेटला. दर वाढदिवसाला तो मुलीचा एक फोटो काढत आला होता, त्याच स्टुलावर, त्याच हाकेवर. वाढदिवस येतच होता. त्या दिवशी स्टुडिओत दुसरं कुणी नसेल. दिवा, पडदा, ती आणि तो. सगळ्या रस्त्याची मुलं ज्या हाकेला वळतात त्या हाकेला जिच्यासाठी ती हाक आहे ती वळणार नाही, हे त्याचं मन मानायला तयार नव्हतं. एकदा नीट, मनापासून हाक मारली की झालं. एकदाच.

"नको मारूस," बायको म्हणाली. "मला ती आहे तेवढी पुरे."

६

वाढदिवसाची सकाळ लख्ख उन्हाची होती. सुट्टीचा दिवस, त्यामुळे समोरचा रस्ता माणसांनी भरलेला. कुणी भाजी घेऊन चाललेलं, कुणी मुलांना फिरवत. क्लिकमामाने दारावरची पाटी 'बंद'च्या बाजूला फिरवली, पण काचेवरचा पडदा ओढला नाही. उजेड चांगला येत होता.

मुलगी नव्या पिवळ्या फ्रॉकमध्ये स्टुलावर बसली. पायात चप्पल होती, पट्टा लावलेली. बायको दाराशी हाताची घडी घालून उभी राहिली. ती त्याच्याकडे बघत नव्हती, मुलीकडेच बघत होती, जणू नजर काढली तर ती पडेल.

"पिल्लू, बरी आहेस ना?" तिने विचारलं.

"हो आई."

क्लिकमामाने कॅमेऱ्याला डोळा लावला. चौकटीत त्याची मुलगी शहाण्यासारखी बसली होती, हात मांडीवर, ओठ मिटलेले. किती दिवसांत तिला इतकं जवळून पाहिलं नव्हतं, हे त्याला जाणवलं आणि भरून आलं. त्याने श्वास घेतला.

"नेवाळी... ए नेवाळी, इकडे बघ."

ती भिंतीकडे बघत राहिली.

बाहेरचा रस्ता मात्र थांबल्यासारखा झाला. आवाज कमी झाले म्हणून त्याने मान वर केली. काचेपलीकडे बाबागाडीत बसलेलं एक बाळ त्याच्याकडे वळलं होतं. बापाच्या खांद्यावरची एक मुलगी वळली होती. समोरच्या गॅलरीत, कठड्याच्या गजांतून एक. बसथांब्यावर आईचा हात धरलेली एक. मोठी माणसं आपापल्या बोलण्यात दंग होती, कुणाला काही विशेष वाटलेलं दिसत नव्हतं. मुलींच्या नजरा त्याच्या डोळ्यांच्या किंचित वर होत्या, आणि सगळ्यांचे ओठ आधी डाव्या बाजूने उचलले गेले.

"बस कर," बायको म्हणाली. "अरे, बस कर."

त्याने ऐकलं नाही. खरं तर त्याला ऐकूच आलं नाही. कारण दारापाशी फटफट आवाज येत होता, अनवाणी पावलांचा. बायकोच्या बाजूने, तिला न शिवता, कुणीतरी छोटं आत आलं. उन्हातून आल्यामुळे चेहरा काळोखा दिसत होता, नीट दिसत नव्हता. हसू तेवढं दिसत होतं. नाकावरची सुरकुतीही.

"आले, आले," ते म्हणालं. "बाबा, चप्पलच सापडेना."

विचार करायला वेळ असता तर तो मागे सरकला असता. पण वर्षानुवर्षांच्या त्या सगळ्या संध्याकाळी त्याच्या अंगात होत्या. त्याचे गुडघे आपोआप वाकले आणि हात आपोआप पसरले गेले. किती दिवसांनी, असं त्याच्या मनात आलं. हातात गरम, चिकट, ओळखीचा हात आला. कुठूनसा अगदी मंद, पांढऱ्या फुलांचा वास आला.

मागे स्टूल सरकल्याचा आवाज झाला. पिवळ्या फ्रॉकमधली मुलगी खाली उतरून त्याच्यापासून थोड्या अंतरावर उभी राहिली होती. घरातून शिकवून पाठवलेलं मूल परक्याच्या दुकानात उभं राहतं, तशी, हात मागे बांधून. त्या दोघांकडे तिने कौतुकाने बघितलं.

"क्लिकमामा," तिने विचारलं, "ही तुमची मुलगी का?"

आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "हो."